चित्र एकच, रंग निराळे

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. क्रमिक पुस्तकही तिथेच थांबते. परंतु याच १६७० च्या सुमारास सुरतेतला भीमजी पारेख नावाचा एक व्यापारी निराळ्याच खटपटीत होता. तो ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल. ब्राह्मणांच्या जुन्या पोथ्या छापून निघाव्यात अशी त्याला हौस होती आणि त्यासाठी विलायतेहून मुद्रक पाठवावा अशी मागणी त्याने कंपनीकडे केली होती. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक वर्षाला पन्नास पौंड पगारावर इकडे आला. यंत्र आले, मुद्रक आला आणि मग उमगले की हिल्सला छापता येते, पण इथल्या लिपीचे खिळे पाडता येत नाहीत. भीमजीने आपल्या पदरच्या कारागिरांकडून ते पाडून घेण्याचा यत्न केला. अ. का. प्रियोळकरांनी हिंदुस्थानातील मुद्रणावर १९५८ साली जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात ही हकीकत सविस्तर आली आहे.

भीमजीची हकीकत आरंभीच सांगितली ती सुरतेचा अभिमान म्हणून नव्हे. छपाईत यंत्र फिरवणारा एक असतो आणि छापायच्या वस्तूची फोड करून देणारा दुसरा असतो. पहिल्याचे नाव मागे राहते, छापखान्याची पाटी राहते, मालकाचे चरित्रही निघते. दुसरा मात्र सहसा अनामिक राहतो. मजकुराच्या बाबतीत ही फोड अक्षरांची असते. चित्राच्या बाबतीत ती रंगांची असते आणि या लेखाचा विषय तीच आहे.

कापडाच्या छापकामात ही फोड फार जुनी. गांधीनगरजवळच्या पेथापूरचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ठसे कोरत आले. गुजरातीत ठशाला ‘बीबुं’ म्हणतात. बुट्टीत तीन रंग असतील तर ठसे तीन: एक बाहेरच्या रेघेचा, एक आतल्या भरणीचा, एक जमिनीचा. छापणारा ते एकामागून एक त्याच जागी बसवतो. केसभर चूक झाली तर फूल एकीकडे आणि त्याची रेघ दुसरीकडे जाते. यातली एक गोष्ट इथेच पक्की करून घेऊ, कारण पुढे ती लागणार आहे. ठशाला स्वतःचा रंग नसतो. लाल रंगासाठी कोरलेला ठसा निळीत बुडवला तर निळेच उमटेल. ठसा सांगतो ती जागा. तिथे कोणता रंग बसवायचा हे रंगारी ठरवतो. सुरतेच्या कापडबाजारात एकाच डिझाईनची साडी चार-सहा ‘मॅचिंग’मध्ये मिळते, ती याच तत्त्वावर. ठसे तेच, रंगाचे डबे वेगळे.

या जागांच्या वाटणीला पुस्तकी मराठीत रंगपृथक्करण म्हणतात. पांडेसऱ्यातला पोरगा ‘सेपरेशन’ म्हणतो. मला दोन्ही शब्द चालतात. सीमेवर राहणाऱ्याने शब्दांच्या बाबतीत फार सोवळे पाळू नये. आमच्या नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, आणि गाडीची सूचना मराठीत झाली की पाठोपाठ गुजरातीत होते. सुरतेहून भुसावळकडे येणारा हा तापी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या आसपास सुरू झाला आणि तेव्हापासून खानदेशातली माणसे त्याच मार्गाने खाली उतरत आली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी ऐकू येत नाही असा रस्ता शोधावा लागेल. त्यांतले बरेच जण मागावर गेले, काही रंगाच्या टाक्यांपाशी गेले, आणि ज्यांचा हात चित्रकलेत बरा होता त्यांतले काही ट्रेसिंगला बसले.

ट्रेसिंग म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. डिझाईनच्या रंगीत कागदावर पारदर्शक फिल्म टाकायची. समजा आधी राणी रंग घेतला, तर त्या रंगाच्या सगळ्या जागा अपारदर्शक काळ्या शाईने भरायच्या. मग नवी फिल्म, पुढचा रंग. आठ रंगांच्या साडीला आठ फिल्मी, आणि सगळ्या काळ्याच! कोणती कोणत्या रंगाची हे कडेला लिहिलेले असते आणि चारही कोपऱ्यांत अधिकच्या खुणेसारख्या फुल्या असतात. त्या फुल्या एकमेकींवर बसल्या की रंग बसले. मग जाळीच्या कापडावर प्रकाशाने घट्ट होणारे रसायन चढवायचे, त्यावर फिल्म ठेवून उजेड द्यायचा. उजेड लागेल तिथले रसायन कडक होते, काळ्या शाईखालचे मऊ राहते आणि पाण्याने धुऊन जाते. तेवढीच छिद्रे रंगाला मोकळी. ही झाली स्क्रीन. चांगला ट्रेसर दोन रंगांच्या सीमेवर एक रंग दुसऱ्याखाली किंचित सरकवून ठेवतो, म्हणजे कापड ताणले गेले तरी मधून पांढरी फट दिसत नाही. किती सरकवायचा हे कापडावर अवलंबून. जॉर्जेटला वेगळे, सुतीला वेगळे. हे पुस्तकात नसते, बोटांत असते.

पुढे संगणक आला आणि फिल्मीवर हाताने शाई भरण्याचे काम सरले. फोड करण्याचे काम सरले नाही, ते पडद्यावर गेले. माझा एक माजी विद्यार्थी उधन्याला अशा डिझाईनच्या कामात आहे. त्याच्या ठिकाणी मी जे पाहिले, त्यावरून हा सगळा विचार सुरू झाला.

एका व्यापाऱ्याने आधी विकल्या गेलेल्या साडीचा दुसरा लॉट मागितला होता. राणी रंगाची जमीन, बाटलीहिरव्या पानांचा काठ, पानांना मरून रेघ. दुसऱ्या लॉटमध्ये ती रेघ मातकट आली. व्यापाऱ्याने माल अडवला. छपाईवाले म्हणाले, आमचे रंग तेच आहेत, तुमचे सेपरेशन फिरले. स्टुडिओचा मालक म्हणाला, काही फिरलेले नाही, पडद्यावर पाहा. पडद्यावर पाहिले तर पहिली फाइल आणि दुसरी फाइल यांत डोळ्यांना काहीच फरक दिसेना. शेवटी ठपका आला तो तिथल्या सर्वांत वयस्क माणसावर. अमळनेरकडचा, हाताने ट्रेसिंग करण्याच्या काळापासूनचा. मूळ काम त्याचे होते, आणि म्हाताऱ्याचा हात संगणकावर बसत नाही असे म्हणायला कोणाला काय लागते? त्याच्या महिन्याच्या हिशेबातून नुकसानीची रक्कम वळती करण्याची भाषा सुरू झाली होती.

माझा विद्यार्थी म्हणाला, “सर, पूर्ण चित्र बघून काही कळायचं नाही. रंग सुटे करून बघू या.” त्याने दोन्ही फाइलींतले पृथक्करण एकेक करून पुढे घेतले. पहिल्या आवृत्तीची हिरवी जागा आणि दुसऱ्या आवृत्तीची हिरवी जागा एकमेकींवर ठेवली आणि एकीतून दुसरी वजा करायला सांगितले. दोन्ही तंतोतंत असतील तर सगळे काळे दिसते. जिथे फरक असेल तेवढेच उजळते. राणी रंगाच्या वेळी काठ उजळला. पानाभोवतीची रेघ लख्ख दिसू लागली. हिरव्यातही तेच. मग स्क्रीना मोजल्या. पहिल्या आवृत्तीत आठ होत्या, दुसरीत सात. मरून रंगाची स्वतंत्र स्क्रीनच गायब! रेघेच्या जागी हिरव्यावर राणी रंग चढवून मरून भासवला होता. पडद्याला आधीच सांगून ठेवले होते की हे दोन रंग जिथे एकमेकांवर येतील तिथे मरून दाखव, म्हणून पडदा इमानाने मरून दाखवत होता. कापडाला तसे कोणी सांगितले नव्हते. कापडावर राणी आणि बाटलीहिरवा एकत्र आले की माती होते. एका स्क्रीनचा खर्च वाचवण्यासाठी कोणीतरी हा उद्योग केला होता, आणि फाइल पुन्हा जतन केल्याची वेळ रात्रीची होती. त्या वेळी आमचे अमळनेरकर घरी जेवून झोपलेले असणार. वळती करण्याची भाषा बंद झाली.

ते वयस्क गृहस्थ या सगळ्या वेळात फारसे बोलले नाहीत. नंतर एवढेच म्हणाले, की हे वजा करण्याचे तंत्र नवे नाही. फिल्मीच्या काळात एका आवृत्तीची नेहमीची फिल्म आणि दुसरीची उलटी, म्हणजे काळ्याच्या जागी कोरी आणि कोऱ्याच्या जागी काळी, अशा दोन फिल्मी काचेच्या टेबलावर खालून दिवा लावून एकमेकींवर ठेवत. सारखे असेल तर सगळे काळोख. उजेडाची रेघ फुटली तर ती दुसऱ्या आवृत्तीत वाढलेली जागा. पण यात एक मेख आहे. जे वाढले ते असे दिसते, जे गेले ते दिसत नाही. गेलेले पाहायचे तर फिल्मी उलट कराव्या लागतात: दुसरीची नेहमीची, पहिलीची उलटी. इतिहासाच्या शिक्षकाला हे ऐकून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

घरी परतल्यावर मी हाच डोळा देवघराकडे वळवला.

आपल्याकडच्या घरांत कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी ठाऊक नाही असे कोण आहे? मागे पाणी, बाजूला सोंडेत हार धरलेला हत्ती. राजा रविवर्म्यांच्या मूळ चित्रावरून निघालेली ही छापील लक्ष्मी शंभराहून अधिक वर्षे निघतेच आहे. रविवर्म्यांच्या चित्रांच्या अशा छापील प्रती काढाव्यात ही सूचना १८८४ साली सर टी. माधवराव यांनी त्यांना पत्राने केली होती. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण, आणि घराणे तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यातले मराठी. सूचना अशी की निवडक चित्रे युरोपात पाठवून छापून घ्यावीत. रविवर्म्यांनी पुढे स्वतःचाच छापखाना काढला, १८९४ साली, मुंबईत गिरगावला. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीतून आणले. शकुंतलाजन्म हे तिथले पहिले चित्र. प्लेगच्या दिवसांत छापखाना मुंबईबाहेर हलला, घाटकोपरहून पुढे लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या पायथ्याशी मळवलीला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. १९०६ साली रविवर्मा वारले, छापखाना चालत राहिला.

म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘रविवर्म्याचे चित्र’ म्हणतो, त्यात किमान दोन माणसे आहेत. तैलचित्र रविवर्म्यांचे. छापील चित्र मात्र दगडावरचे. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा गुळगुळीत चुनखडी दगड, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने काढायचे. म्युनिकच्या झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही शिळामुद्रणाची युक्ती शोधली आणि १८३७ साली एंगेलमानने रंगीत शिळामुद्रणाचे पेटंट घेतले. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. दहा-बारा दगड म्हणजे साधी गोष्ट. कॅमेरा, भिंग, गाळणी काही नाही. एक कारागीर मूळ चित्रासमोर बसून निव्वळ नजरेने ठरवी की या गालावर फिका गुलाबी किती, त्याखाली पिवळट किती, हनुवटीच्या सावलीत करडा निळा किती. मग प्रत्येक दगडावर तेवढ्याच जागी बारीक ठिपके देत बसे. लक्ष्मीचा चेहरा हजारो ठिपक्यांचा आहे आणि प्रत्येक ठिपका हाताने दिलेला आहे. रविवर्म्यांनी तैलरंगात जे एका फटक्यात मिसळले, ते या माणसाने पुन्हा सुटे केले. आणि त्याचे नाव चित्रावर नसते.

एकदा दगडांवर काम झाले की त्यांतून हजारो प्रती निघत. पण दगड महाग. काम संपले की तो घासून पुन्हा कोरा करायचा आणि त्यावर दुसरे चित्र काढायचे, अशीच शिळाप्रेसांची सर्वत्र रीत होती. मागणी पुन्हा आली की नव्याने फोड. नवा कारागीर, नवी नजर, आणि मालकाचा नवा हिशेब. एक दगड कमी केला तर हजारो प्रतींमागे एक छपाई वाचते. उधन्यातल्या त्या सातव्या-आठव्या स्क्रीनचा व्यवहार मळवलीच्या डोंगराखाली ठाऊक नव्हता असे मला तरी वाटत नाही.

माझ्या परिचयाच्या दोन घरांतल्या लक्ष्मी मी भिंग लावून पाहिल्या आहेत. दोन हात अंतरावरून दोन्ही एकच. पहिलीत भिंगाखाली ठिपके ओबडधोबड, कुठे दाट, कुठे विरळ, गालाच्या गोलाईप्रमाणे वळलेले. गुलाबी निराळा, मातकट पिवळा निराळा, करडा निराळा. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत छापखान्याचे नाव आणि कार्ला-लोणावळा हा पत्ता. दुसरीत ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे, ओळीत आणि सारख्या अंतरावर. रंग चारच, निळा, किरमिजी, पिवळा, काळा, आणि त्यांची लहान लहान फुले पडलेली. पहिली दगडावरची. दुसरी कॅमेऱ्याने फोड करून ऑफसेटवर काढलेली, आणि बहुधा आधीच्या एखाद्या छापील प्रतीवरूनच काढलेली. देवीच्या चेहऱ्यात तसूभर फरक नाही. तो चेहरा कशाचा बनला आहे, ते मात्र सर्वस्वी बदलले आहे.

हा बदल आपल्याकडे कसा आला त्या कथेत सुरतेचा एक माणूस आहे, आणि तो आपल्याला जेवढा ठाऊक असायला हवा तेवढा नाही. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. जन्म सुरतेचा, १८६३ चा. रसायनशास्त्रज्ञ, आणि रंगाच्या रसायनात विशेष गती. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू झाले, ते गज्जरांच्या पुढाकाराने. १८९६ साली चापेकर बंधूंनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला माहीत असते. ते डांबर दगडात मुरले होते आणि कोणाला निघेना. ते शेवटी काढले या गज्जरांनी, १८९८ साली. आमच्या वर्गात हे सांगितले की मुले गज्जरांवर नाराज होतात! पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर संगमरवराला धक्का न लावता काळा तेवढा वेगळा काढणे, हेही एका अर्थी पृथक्करणच.

या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा त्र्यंबकेश्वरचा तरुण शिकायला होता. छायाचित्रणात त्याची चमक पाहून गज्जरांनी त्याला तीनरंगी ब्लॉक आणि छायाशिळामुद्रण शिकण्यासाठी रतलामला पाठवले, असे फाळक्यांच्या चरित्रात येते. तीनरंगी ब्लॉक म्हणजे तेच फोडीचे काम, पण माणसाच्या नजरेऐवजी काचेने. चित्राचे तीन वेळा छायाचित्र घ्यायचे, दर वेळी भिंगापुढे वेगळ्या रंगाची काच. लाल काचेतून घेतलेल्या छायाचित्रातून निळ्याचा ब्लॉक निघतो, हिरव्या काचेतून किरमिजीचा, निळ्या काचेतून पिवळ्याचा. काच ज्या रंगाचा उजेड अडवते, त्याची नोंद मागे उरते. मग जाळीच्या साहाय्याने त्या छटांचे ठिपके करायचे. तीन शाईंतून सगळे रंग साधता येतात हे लब्लाँने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवले होते. कॅमेऱ्याने ते कोणालाही साधेल असे केले. आपल्या देशात या विद्येवर मूलभूत काम कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी केले आणि त्यांचे लेख विलायतेतल्या मुद्रणवार्षिकात छापून येत. सत्यजित राय हे त्यांचे नातू.

फाळके पुढे लोणावळ्याला आले आणि रविवर्मा छापखान्यासाठी छायाशिळामुद्रणाचे काम करू लागले. मग स्वतःचा ब्लॉकचा आणि छपाईचा कारखाना काढला, तो मुंबईत दादरला नेला. पुरुषोत्तम मावजी भागीदार झाले आणि कारखान्याचे नाव झाले लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले. ‘सुवर्णमाला’ हे देखणे मासिक याच छापखान्यातले. त्यानंतर भागीदारी मोडली, आणि १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटाचे जनक म्हणून त्यांची थोरवी मोठीच. पण त्या झगमगाटात त्यांच्या आयुष्याची मधली दहा-पंधरा वर्षे, जी रंग सुटे करण्यात गेली, ती आपण चार ओळींत उरकतो. सुरतेचा गुरू, बडोद्याची शाळा, रतलामची उमेदवारी, लोणावळ्याचे दगड आणि दादरचे ब्लॉक, असा तो एकसलग धागा आहे. त्यात भाषेची सरहद्द कुठेच आडवी आलेली नाही.

आपल्या दिवाळी अंकांचे रूपही याच ब्लॉकांनी घडवले. ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक हा पहिला म्हणून मानला जातो. पुढे दीनानाथ दलालांची, रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे घरोघर गेली. जुन्या अंकांत लेखकांच्या यादीखाली ब्लॉक कोणी केले याचा उल्लेख असे. मी तो नेहमी वाचतो. दलालांचा निळा जसा छापला गेला तसा छापला जाण्यात त्या ब्लॉकवाल्याचा वाटा होता.

चौथ्या, म्हणजे काळ्या रंगाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आजची सगळी फसगत तिथे आहे. निळा, किरमिजी आणि पिवळा हे तिन्ही एकत्र आले की करडा-काळपट होतो. मग तिन्ही शाई ओतण्यापेक्षा तेवढ्या जागी तिन्ही कमी करून एकटी काळी शाई वापरली तर? शाई वाचते, कागद लवकर वाळतो, दिसायला जवळपास तेच. संगणकात हे एका आज्ञेने होते, आणि चित्र तेच असताना चारही रंगांचे पृथक्करण आमूलाग्र बदलते. एकाच मुखपृष्ठाच्या दोन फाइली पडद्यावर जुळ्या बहिणी दिसतात. एकीत काळा जेमतेम आहे, दुसरीत सावल्यांचा सगळा भार काळ्यावर. छापताना किरमिजी थोडा जास्त झाला तर पहिलीतल्या बाईचा चेहरा तापल्यासारखा होतो, दुसरीतला फारसा हलत नाही. उलट दुसरीतल्या गालावर काळ्याची राख सांडल्यासारखी दिसण्याची भीती. यातली कोणती बरोबर हे कागद, यंत्र आणि चित्र पाहून ठरवायचे. पण दोन फाइली सारख्या आहेत की नाहीत, हे पूर्ण चित्र पाहून ठरवता येणार नाही, एवढे निश्चित.

आता प्रश्न उरतो जपणुकीचा. रविवर्मा छापखान्याला १९७२ साली आग लागली आणि बरेच काही गेले. दगड तर आधीच घासले जात होते. सुरतेत स्क्रीनवरचे रसायन उतरवून ती पुन्हा वापरतात, जुन्या फिल्मी अडगळ म्हणून निघून जातात, आणि फाइल त्याच नावाने पुन्हा जतन केली की आधीची पुसली जाते. फोडीचा पुरावा कुठेच राहात नाही. राहते ते छापील चित्र, आणि त्याच्या कडा. रंगांच्या पट्ट्या, कोपऱ्यांतल्या फुल्या, छापखान्याचे नाव हे सगळे कडेला असते आणि फ्रेम करणारा पहिली कात्री तिथेच लावतो. माझ्या शाळेत मुलांना मी जुनी छापील चित्रे घरून बघून यायला सांगतो. आणायला नव्हे, देव घराबाहेर काढलेले आजीला खपत नाही. मुले कडेचा मजकूर उतरवून आणतात. कोणाच्या घरी इंग्रजी, कोणाच्या घरी गुजराती. अनेकांच्या घरी कडाच नसते.

उन्हात टांगलेल्या छापील चित्रांचे काळ स्वतःच पृथक्करण करतो. पिवळा आणि किरमिजी आधी उडतात, निळा आणि काळा टिकतात. सुरत-नवापूर रस्त्यावरच्या कोणत्याही जुन्या उपाहारगृहात पाहा, गल्ल्यामागचे गणपती, साईबाबा आणि अंबामाता सगळे निळे झालेले दिसतील. त्यांच्या बाबतीत मूळचा लाल किती होता ते आता कोणाला सांगता येणार नाही.

एका प्रकारच्या चित्रांत मात्र ते सांगता येते. जुन्या काळी घरातल्या स्त्रिया छापील देवीला खरी साडी नेसवत. रेशमी तुकडे, टिकल्या आणि जर चित्राच्या कागदावर शिवून वा चिकटवून, चेहरा आणि हात तेवढे छापील ठेवून. सुरत हे जरीचे माहेरघर, त्यामुळे आमच्या पट्ट्यातल्या जुन्या घरांत अशी चित्रे अजून आढळतात. निझर तालुक्यातल्या एका मराठी घरात अशीच एक लक्ष्मी आहे. चेहरा फिकुटलेला, हातांचा गुलाबी उडून करडे झालेले. जरीच्या काठाचा एक टाका सुटून कापड बोटभर वर आले होते, आणि घरच्या काकूंनी परवानगी दिली म्हणून मी ते हलकेच उचलून खाली पाहिले. कापडाखालची छापील साडी दगडावरून निघाली तेव्हा जेवढी लाल होती, जवळजवळ तेवढीच होती. तिच्या चुणीत हाताने दिलेले ठिपके दिसत होते, आणि लालाच्या काठाशी दुसऱ्या, गडद तांबड्या दगडाची रेघ स्वच्छ बसलेली होती. काकूंनी विचारले, “गुरुजी, टाका घालून टाकू ना?” मी म्हटले, घाला, पण वरची कडा तेवढी मोकळी ठेवा.